मारुतीपाशी सुटलेलं स्टेअरिंग

गाडी शिकले ती छप्पन्नाव्या वर्षी, आणि हौस म्हणून नाही, हे आधीच सांगून टाकते. 'वहिनी गाडी चालवतात, कमाल आहे बुवा,' असं लोक म्हणतात तेव्हा मला हसायचंही त्राण नसतं.

हौस होती ती चौदाव्या वर्षी. वडील टेम्पोत शेळ्या घालून बेल्ह्याच्या बाजाराला जायचे, मी केबिनमध्ये त्यांच्या शेजारी. एकदा त्यांनी मला हॉर्न वाजवू दिला. तेव्हापासून मनातल्या मनात तो टेम्पो मीच चालवत होते. "मला शिकवा की," म्हटलं, तर म्हणाले, "पोरीला काय करायचंय? नवऱ्याला सांग." नवऱ्याला सांगितलं. आमचे मालक म्हणाले, "शिकवतो की, घाई काय हाय?" तेवढ्यात पस्तीस वर्षांचा संसार होऊन गेला.

त्या पस्तीस वर्षांत गाडीतलं माझं काम एकच. आम्ही ओतूरजवळचे. आळेफाट्याकडं निघालं की रस्त्याच्या कडेला मारुतीचं देऊळ लागतं. तिथं मी हात जोडायचे. यांचे हात स्टेअरिंगला, म्हणून हे म्हणायचे, "माझाबी कर गं." मग मी पुन्हा हात जोडायचे. एक नमस्कार माझा, एक यांचा. कधी चुकले नाही.

मग यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा मंचरला डायलिसिस. चार तास मशीनवर, जाऊन-येऊन अख्खा दिवस. यांच्या हाताला जोर राहिला नाही, गाडी चालवणं सुटलं. आधी पुतण्या न्यायचा, पण त्याला चाकणला नोकरी लागली. त्याचा तरी काय दोष? मग भाड्याच्या गाड्या सुरू झाल्या. एकदा ठरवलेला गाडीवाला लग्नाचं भाडं मिळालं म्हणून आलाच नाही. दुसरी गाडी मिळेना. त्या दिवशीचं डायलिसिस चुकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे ओट्यावर बसून श्वास ओढत होते, पाय सुजून टम्म. तेव्हाच ठरवलं, आता कुणाची वाट बघायची नाही. गाडी दारात उभी आहे आणि मी घरात आहे.

शिकवणारा माझ्या लेकाच्या वयाचा. गोठा, स्वयंपाक, यांना मोजून द्यायचं पाणी, हे सगळं उरकून मी जायचे. "काकू, क्लच हळू सोडा. दूध उतू न्हाई चाललं," असं तो म्हणायचा. एसटी स्टँडसमोर गाडी तीनदा बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता कल्ला. चौदाव्या वर्षी हे शिकले असते तर मजा आली असती. आता घरी येऊन पाय वर करून पडावं एवढंच वाटायचं.

लायसनच्या परीक्षेला साहेब शेजारी बसले. गाडी झकास चालली होती, तिसरा गिअर पडला होता. अन् कपाळ माझं, त्या रस्त्यालाही एक मारुती निघाला! माझे दोन्ही हात उठले आणि जोडले गेले. डोळेही मिटले, खोटं कशाला सांगू? साहेबांनी ओरडत स्टेअरिंग धरलं, मी दचकून ब्रेक दाबला. गाडी थांबली आणि मी काय करावं? परत हात जोडले. यांचा राहिला होता ना!

"मावशी, उतरा," साहेब म्हणाले.

घरी येऊन यांच्यावरच डाफरले. "तुमच्यापायी नापास झाले! जन्मभर तुमचे नमस्कार करतीय मी!" हे आधी खोखो हसले, खोकला येईपर्यंत हसले. "तवाच शिकवायला पायजे व्हतं तुला," मग म्हणाले. "लई उशीर केला मी."

मी 'असू द्या' म्हणाले नाही. असू द्यावंसं मला वाटलंच नाही. आत जाऊन भाकऱ्या थापल्या.

पुढचे काही आठवडे शिकवणाऱ्याला घेऊन त्याच देवळावरून दहा-दहा वेळा गाडी नेली. हात नुसते शिवशिवायचे. मनातल्या मनात म्हणायचे, मारुतीराया, आता तुझं तू समजून घे. दुसऱ्या वेळी पास झाले. पेढे वाटायचं सुचलंच नाही. दुसऱ्या दिवशी यांचं डायलिसिस होतं.

मंचरला जाताना नजर नुसती रस्त्यावर, देऊळ कधी गेलं तेही कळलं नाही. चार तास बाकावर बसून परतीचा रस्ता मनात घोकत होते. परत येताना हे माझ्या सीटवर, जिथं मी पस्तीस वर्षं बसले तिथं, मान टाकून पडले होते. हाताला पट्टी. माझी पाठ मोडून आली होती. आळेफाटा मागं पडला, देऊळ दिसलं. मी स्टेअरिंग घट्ट धरलं.

यांनी पट्टीचा हात कसाबसा उचलला, दुसऱ्याला लावला, खाली टाकला. मग पुन्हा उचलायला लागले.

"राहू द्या की आता, हात दुखंल," मी म्हणाले.

"माझा झाला," हे म्हणाले. "तुझा ऱ्हायलाय. तू म्होरं बघ."

मी पुढं बघत राहिले. घर येईपर्यंत गाडी दुसऱ्या गिअरमध्येच होती, हे मला कळलंच नाही.