फॅमिली आली

वाशीमच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा बाबांनी माझी बॅग खिडकीतून आत टाकून सीट धरली. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिली, त्यामुळे निरोपाला निम्मी गल्ली आली होती आणि प्रत्येकाकडे एकेक सल्ला होता. बाबांचा सगळ्यांत लहान. "शिकाले चालली तू, वाकाले नाही." गाडी हलली तसे ते थोडं सोबत चालले आणि थांबले.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, या शहराने मला पहिली गोष्ट शिकवली ती अशी की रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. का, ते विचारायचं नसतं. विश्रांतवाडीत मी कॉट बेसिसवर राहायचे. तिथून चालत जाण्यासारखं, बाईमाणसाला बसू देणारं एकच ठिकाण होतं, आणि ते परमिट रूम होतं. पुढे पिणारे, मागे प्लायवूडच्या आडोशाला दोन-तीन टेबलं, त्यांच्यावर लाल अक्षरांत 'फॅमिली रूम'. मालक तात्या, तिथल्याच जुन्या शेतकरी घरातले. मी पायरी चढले की ते गल्ल्यावरून हाक द्यायचे, "फॅमिली आली." लगेच आवाज खाली यायचे, पसरलेले पाय आत ओढले जायचे, मला वाट व्हायची. मी असायचे एकटीच. पण परमिट रूमच्या भाषेत बाई आली की ती फॅमिली, मग एक असो की दहा.

मी बी.एस्सी. झाले, नोकरीला लागले, विश्रांतवाडीतच फ्लॅट घेतला. बार मात्र गेला. तो बंद व्हावा म्हणून शेजारच्या सोसायटीने सह्या गोळा केल्या होत्या, पण शेवटी ते काम बिल्डरनेच केलं. आणि आता कळलं की त्याच बारच्या आठवणीत कोरेगाव पार्कातल्या एका कलादालनात इन्स्टॉलेशन लागलंय. जिवंतपणी उपद्रव, मेल्यावर वारसा.

गेले बघायला. तात्यांची फाटक्या रेक्झिनची खुर्ची चौथऱ्यावर, भोवती दोरी. स्पीकरमधून ग्लासांचा किणकिणाट. शेंगदाणे हाताने घडवलेल्या मातीच्या वाटीत. 'किती ऑथेंटिक ना' म्हणणाऱ्यांपैकी एकानेही त्या पायरीवर पाय ठेवला नसेल. तिथून जाताना गाडीची काच वर करणारी ही माणसं.

आणि भिंतीवर भलामोठा फोटो. माझा. तात्यांनी या लोकांना दिलेल्या जुन्या फोटोंच्या खोक्यातून निघालेला. ताटापुढे हात जोडलेले, मान खाली, शेजारी बिअरच्या ग्लासात ताक. आमच्याकडे अन्नाला नमस्कार केल्याशिवाय घास उचलत नाहीत, एवढंच त्यात होतं. खाली पाटी, 'एकटी. शहराने मोडलेली.'

मोडलेली म्हणे. या शहरात पदवी घेतली, पोट भरलं, कुणापुढे हात पसरला नाही, आणि माझ्याखाली ही पाटी लावणार कोण, तर ही मांडणी करणारी, जिला माझं नावही माहीत नाही.

त्या कलाकार बाईंना गाठलं. फोटो माझा आहे, पाटी खोटी आहे, बदला, म्हणून सांगितलं. बाई गोड हसल्या. "अहो, आपण पर्सनली नका घेऊ. ही तुम्ही नाही आहात, ही एक अवस्था आहे."

"अवस्थेला भूक लागली होती," मी म्हटलं. "ती जेवायला बसली होती."

सत्काराची शाल पांघरून कोपऱ्यात बसवलेले तात्या तेवढ्यात उठून आले. "अवो म्याडम, ही एकटी कशी? ही आमची फॅमिली हाय."

बाईंनी तात्यांची पिकलेली मिशी पाहिली, मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "म्हणजे आपण यांच्या मिसेस?"

तात्यांना हसता हसता शाल सावरेना. वर्षभर म्हणे बाईंनी परमिट रूमवर संशोधन केलं होतं. दारातच कानावर पडणारा 'फॅमिली' हा शब्द तेवढा कळायचा राहिला. मी म्हटलं, पाटीवर तोच एक लिहा, बाकी काही नको. त्या म्हणाल्या, प्रेक्षक कन्फ्यूज होतील. मग फोटो उतरवा, म्हटलं, आणि उतरवेपर्यंत तिथून हलले नाही.

पुढे तात्यांकडून कळलं की रिकामी चौकट तशीच ठेवलीय, खाली 'अनुपस्थिती' अशी नवी पाटी आहे, आणि लोकांना तीच सगळ्यांत जास्त आवडते. आवडो बापडी.

गावचं घर भावाने पाडून नवं बांधलं. मी गेले की पाहुण्यांची चादर निघते. इथे पुण्यात 'तुम्ही तिकडच्या ना?' अजून चुकलेलं नाही. घर कुठलं विचारलं की मी पत्ता सांगून विषय संपवते.

तो फोटो मी बाबांना पाठवला. इतकी वर्षं 'हॉटेलात जेवते' एवढंच त्यांना सांगत आले होते. या वेळी खाली लिहिलं की हे हॉटेल दारूचं होतं, पण ग्लासात ताक आहे. संध्याकाळी फोन आला. दारूचा शब्द नाही, ताकाचाही नाही.

"भाजी कायची होती वं?"

कलादालनात सगळ्यांनी माझी मान पाहिली होती. ताटात काय आहे हे विचारणारा एकच माणूस निघाला, आणि तो वाशीमला असतो. घर म्हणायचं तर आता त्या फोनलाच म्हणते.

वांग्याची, मी म्हटलं.

पलीकडून काळजीचा आवाज. "गूळ तं नव्हता ना टाकला त्यायनं?"