ताकदीच्या गोळ्या

दिघीच्या फेरीबोटीत एक कोळीण माझ्या शेजारी बसली होती. चिंबोऱ्यांच्या नांग्या सुतळीने बांधायची, दम लागला की थांबून रागाने पाण्याकडे बघायची.

तिला मूत्रपिंडाचा कॅन्सर होता. घरच्यांनी तो लपवून तिला ‘ताकदीच्या’ गोळ्या दिल्या. त्या घेऊन उलट धापच लागते म्हणून महिनाभर तिने त्या खाडीत फेकल्या. शेवटी डॉक्टरांनी तिलाच समोर बसवून सांगितलं, की हवा कमी पडल्याची बोंब मारून गाठ नव्या रक्तवाहिन्या मागवते. गोळी ती बोंब बंद करते, पण अंगात रक्तही त्याच हाकेवर बनतं, ते कमी होतं, म्हणून धाप.

“चिखलात बुडबुडा आला की खाली चिंबोरी हाय, ते मला कलतं,” ती म्हणाली. “आन् माझ्या अंगात काय हाय ते सगल्या गावाला म्हाईत, मला न्हाय.”

“मावशी, काळजीपोटीच लपवलं असेल.”

तिने सुतळी करकचून ओढली. “मंग म्हाईत न्हाय म्हून गोल्या खाडीत गेल्या, तवा कुठं व्हती कालजी?”

मी पिशवी जवळ ओढली. आत आईच्या गोळ्यांची डबी होती. डबीवरचं औषधाचं नाव मी सकाळीच ब्लेडने खरवडून काढलं होतं.