ओळख परेड

हे नवऱ्यालाही माहीत नाही. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून—ओळखत असतात तर बहुधा आजही गप्पच बसले असते. धीट बाई नाही मी. आमच्या खडकीच्या कॉलनीत मात्र उलटाच समज आहे, आणि तो मी आजवर खोडलेला नाही.

कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवायचे. शिक्षेचं समर्थन हा माझा आवडता विषय. गुन्हेगाराला शिक्षा का करायची? केल्याचं फळ मिळावं म्हणून, इतरांना जरब बसावी म्हणून, की तो सुधारावा म्हणून? मग मी ठरलेलं उदाहरण द्यायचे—गाव पेटलंय, खरा गुन्हेगार सापडत नाही, एका निरपराध माणसाला फासावर दिलं तर सगळं शांत होईल. द्यावं का? अख्खा वर्ग नाही म्हणायचा, आणि मी समाधानाने फळा पुसायचे. काय तो माझा तोरा!

एका संध्याकाळी स्टेशनवरून घरी येत होते. मोटरसायकलवरून दोघं आले, मागच्याने मंगळसूत्र हिसकावलं, मान कापली गेली. जखमेचं एवढं नाही—माझ्या अंगाला हात लावायची हिंमत झालीच कशी, हा संताप होता. कॉलनी पेटली. अशांना भर चौकात फोडलं पाहिजे, असं चांगली शिकलेली माणसं म्हणत होती. मीही म्हणत होते.

पोलिसांनी काही दिवसांनी तुरुंगात ओळख परेडला बोलावलं. समोर माणसांची रांग. ओळखाल त्याच्या खांद्यावर हात ठेवा, म्हणाले. आता खरं सांगू? चोराच्या तोंडाला रुमाल होता. डोळे तेवढे दिसले होते, तेही निमिषभर. रांगेतले सगळे खाली बघत होते, एक जण सरळ माझ्याकडे बघत होता. केवढा हा उद्धटपणा, असं वाटलं आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ज्याने काही केलेलं नाही त्याने मान खाली का घालावी? हे मला तेव्हा का सुचू नये—मला, वर्गाला विचार करायला शिकवणारीला?

त्याचं नाव संतोष. लोणी काळभोरला ट्रॅक्टरवर होता. कोर्टाबाहेर त्याच्या बायकोने मला गाठलं. रडली नाही, पाया पडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, एकदा नीट बघा. ह्यो त्यो न्हाय." मी पदर सावरून आत गेले आणि शपथेवर सांगितलं, की हाच तो. त्याला शिक्षा झाली. कॉलनीने मला शाल आणि नारळ दिला. मी भाषणही ठोकलं—जरब बसलीच पाहिजे वगैरे.

इथवरचं तुम्ही चूक म्हणून सोडून द्याल. रागात होतं माणसाचं असं, म्हणाल. थांबा जरा.

संतोष तुरुंगातच होता तेव्हा दुसऱ्या ठाण्यातून फोन आला. एक टोळी पकडली होती, सोनाराकडून बरेच दागिने परत मिळाले होते, बघून जा म्हणाले. टेबलावर माझं मंगळसूत्र होतं. पेपर तपासताना वाटी चावायची मला जुनी खोड. एका वाटीवर माझ्या दातांचे खड्डे होते. मी विचारलं, या टोळीत संतोष नावाचा कुणी? साहेब म्हणाले, नाही, यांच्यात तसला कुणीच नाही. आणि मला धडाधड दिसायला लागलं—कोर्ट, पेपरातली बातमी, स्टाफरूममधली कुजबुज, ती शाल.

"घाई नाही मॅडम, तुमचंच आहे का ते सांगा."

"नाही," मी म्हणाले. "माझं नाही."

घरी येताना रिक्षात मी माझी सगळी विद्वत्ता कामाला लावली. यात नसेल, पण दुसरं काहीतरी केलंच असेल त्याने. त्याच्याकडे बघून चार जण तरी घाबरले असतील. आत राहून काही चांगलं शिकेल. शी! आयुष्यभर शिकवलेलं सगळं मी त्या निरपराध माणसावर झाकण म्हणून ठेवलं. शिक्षा त्याला झाली आणि निर्धास्त मी झाले—याचं समर्थन कुठल्या पुस्तकात आहे? समाजासाठी म्हणे! कुठला समाज? माझी अब्रू, एवढाच.

पुढच्या वर्षी तेच उदाहरण मी पुन्हा वर्गात दिलं. एका मुलीने विचारलं, मॅडम, त्या निरपराध माणसाच्या घरच्यांचं पुढे काय होतं? ते अभ्यासक्रमात नाही, असं सांगून मी तिला खाली बसवलं. वर्ग हसला, मीही हसले.

संतोष पुरी शिक्षा भोगून सुटला. पुढे त्याचं काय झालं, मी चौकशी केली नाही. केली असती तर कळलं असतं, म्हणून केली नाही.

संतोषने माझं मंगळसूत्र ओढलं नव्हतं. त्या ठाण्यात एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. मला ते बोलता येत होतं.