पिवळं दिसलं म्हणून

शशीताईंच्या मुलीचा, निशाचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या घरी, गच्चीवर घटपर्णीवर पाणी फवारत होतो. ‘काका, आई गेली,’ एवढंच ती बोलली. मी हो म्हणालो आणि उरलेलं पाणी फवारत राहिलो... काय करतोय ते कळत नव्हतं.

शशीताईंनी आणि मी अमरावतीच्या एकाच कॉलेजात शेवटची वीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर मी अकोल्याला परतलो, पण आमची भांडणं फोनवर चालूच राहिली, आणि भांडणाला विषय बहुधा घटपर्णीच. किडे खाणारं, डोंगरातल्या ओलाव्याचं हे झाड वऱ्हाडाच्या उन्हात जगवायचं हा मुळात वेडेपणा. ताईंनी तो ओल्या पोत्यांच्या आडोशाला, हिरव्या जाळीखाली करून दाखवला. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. नर त्यांच्या अंगणात, मादी माझ्या गच्चीवर. आणि दोन्ही एका वेळी कधी फुलायची नाहीत. इथलं, वऱ्हाडात धरलेलं बी एकदा हातात घ्यायचं, एवढी एकच हौस ताईंना उरली होती.

यंदा श्रावणात दोन्ही झाडं एकदम फुलली, आणि ताई दवाखान्यात. यकृत निकामी होत चाललं होतं. परागकण आणायला मी अमरावतीला गेलो तो आधी त्यांच्याकडे. माझा उतावळेपणा त्या ओळखून होत्या. उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग, असं मला वर्गातल्या पोरांसमोरही म्हणायच्या. त्या दिवशी हसल्या नाहीत. हात धरून म्हणाल्या, ‘दिनूभाऊ, पिवयं दिसलं म्हनून पिकलं नसते. नखावर धरून टिचकी मारा. भुकटी सांडली त घ्या, नाही त एक दिवस थांबा.’

मी थांबलो नाही. त्यांच्या अंगणात गेलो, तुऱ्यावरची पिवळी टोकं पाहिली, टिचकी मारली. नखावर काही पडलं नाही. पण डॉक्टरांचा चेहरा मी पाहिला होता, आणि मला ताईंना लवकर काहीतरी सांगायचं होतं. फुलं खुडली, कागदात बांधली, संध्याकाळच्या एसटीने अकोला गाठलं. खुडलेल्या फुलांत घोळवलेला ब्रश कोराच दिसत होता, तरी मादीच्या फुलांवरून फिरवला. दहा दिवसांत फुलं वाळून काळी पडली. छत्तीस वर्षं परागीकरण शिकवलेल्या माणसाचं हे काम.

त्याच आठवड्यात ताईंचा फोन आला. आवाज अगदी खोल गेलेला.

‘बी धरलं का, भाऊ?’

‘धरलं.’

‘फुगून राहिलं का?’

‘फुगून राहिलं, ताई.’

त्या हसल्या. कित्येक महिन्यांनी हसल्या. मला स्वतःची लाज वाटली आणि बरंही वाटलं, दोन्ही खरं. पुढच्या सोमवारी त्या गेल्या.

ताईंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो, पण गर्दीत बोलणं झालं नाही. गेल्या रविवारी पुन्हा गेलो. निशानं मला मागच्या खोलीत नेलं. खिडकीशी एक उथळ ट्रे होता, त्यात ओलं शेवाळ, वर काच. माझ्याशी फोन झाल्यावर ताईंनी दवाखान्यातून एकेक गोष्ट सांगून तो तिच्याकडून भरून घेतला होता. ‘आई म्हने, भाऊ बी आनतीन, तवर हे सुकू देऊ नको,’ निशा म्हणाली. ‘कधी आनता, काका?’

मी तिला खरं ते सगळं सांगितलं.

निशा उठली. तिनं काच बाजूला केली आणि त्या रिकाम्या शेवाळावर पाणी फवारलं.