शेवंतामावशींचं पोतं

शेवंतामावशी माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, पायांकडे बघत. कोपरगावजवळच्या एका गावात गुरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून रुजू व्हायला गेले, तेव्हा त्यांनी मला दारातच अडवलं.

"पोरी, कुठल्या गोठ्यातनं आलीस?"

"गोठ्यातून नाही. मी नवीन डॉक्टर."

"आगं बया!" त्यांनी पदर सावरला. "तरीबी म्याडम, पोत्यावर पाय पुसा."

उंबऱ्याशी सोड्याच्या पाण्यात भिजवलेलं पोतं होतं. धुण्याचा सोडा, किराणा दुकानात मिळतो तोच. नोकरी लागल्याच्या आनंदात वडिलांनी घेऊन दिलेले माझे नवे बूट त्यात भिजले आणि मला रागच आला.

मावशी दवाखान्यात परिचर होत्या, शाळा सातवीपर्यंत. माझे वडील सुप्याला कारखान्यात कामगार. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. संसर्ग कसा पसरतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. मावशींना तो चालताना दिसायचा. "रोगाला पाय नसत्यात म्याडम," त्या म्हणायच्या, "त्यो आपल्याच पायांनी फिरतो."

वस्त्यांवर जाताना त्यांचा क्रम ठरलेला असे: आधी धडधाकट जनावरं, आजारी शेवटी. एकदा माजी सरपंच आबा भडकले. "गावात आमचा नंबर शेवटी?"

"तुमचा न्हाई आबा, तुमच्या गायीचा. तुमाला म्याडम आत्ता तपासत्यात की. आ करा!"

आबांसकट सगळे हसले.

पुढच्या हिवाळ्यात आबांच्याच गोठ्यात लाळ-खुरकूत आली. आमच्या भागात जनावर आजारी पडलं की भावकी भेटायला येते. येणारा गायीचं तोंड उघडून बघतो, हळहळतो आणि तसाच घरी जाऊन आपल्या गायीची धार काढतो. मावशींनी आबांच्या अंगणात चुन्याची रेघ मारली. "इचारपूस हितूनच. गायीला ऐकू येतंय." मग लोक रेघेबाहेर लिंबाखाली बसून चहा पीत आणि मोठ्यानं गायीची खुशाली विचारत. आबा आतून ओरडून उत्तर देत.

मावशींची स्वतःची एकच गाय होती, गौरी, पहिलटकरीण आणि दिवस भरत आलेली. आम्ही दोघी रोज आजारी जनावरांची तोंडं तुरटीच्या पाण्यानं धूत होतो, खुरांच्या जखमा साफ करत होतो. म्हणून मावशींनी आपल्याच गोठ्यात पाऊल टाकणं बंद केलं. सून सुनीता गौरीचं सगळं बघायची. मावशी संध्याकाळी गोठ्याच्या दारातही टाकलेल्या पोत्याअलीकडे उभ्या राहून नुसती हाक मारायच्या आणि गौरी हंबरायची. सुनीता माहेरी गायीच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे, हीच त्यांची मोठी काळजी.

एका दुपारी फेरीवरून परतताना आम्ही मावशींच्या घराशी आलो, तोच गोठ्यातून सुनीताची हाक आली, "आत्या, गौरी व्याया लागली!"

मी बॅग घेऊन तशीच धावले. मावशींनी दंड धरला. "थांबा म्याडम!"

"मावशी, मी डॉक्टर आहे!"

"म्हनूनच. आज पाच तोंडं धुतली ह्या हातांनी. आडलीच तर आंगूळ करून, कापडं बदलून जा. आधी तिला इचारा, काय दिसतंय."

माझा चेहरा उतरला. मी जागेवरूनच विचारलं.

"दोन पाय हायेत! मधी नाक!"

"मग सरळ आहे. ती कळ देईल तेव्हाच ओढ, खालच्या बाजूला."

"आत्या, मला भ्या वाटतंय!"

"भ्या मलाबी वाटतंय! तू तिच्यापाशी हायेस, मी तर हितं!" मावशींचा आवाज फाटला. पोत्यापलीकडे मात्र त्यांचा पाय गेला नाही.

थोड्या वेळानं काहीतरी धपकन पडलं. मग सुनीता किंचाळली, "कालवड झाली! शिंकली आत्या, शिंकली!" मावशी रस्त्यातच फुगडीसारख्या गरकन फिरल्या आणि माझ्या गळ्यात पडल्या.

साथ पूर्ण ओसरेपर्यंत त्यांनी कालवडीला हात लावला नाही. मग एके सकाळी न्हाऊन, धुवट लुगडं नेसून त्या आत गेल्या. कालवडीनं त्यांना हुंगलं आणि ती सुनीतामागे लपली. "बघा म्याडम," मावशी डोळ्यांत पाणी येईतो हसल्या, "माझ्याच गोठ्यात मी पावनी!"

गौरीला शेवटपर्यंत काही झालं नाही. मी आता दुसऱ्या तालुक्यात आहे. माझ्याही दवाखान्याच्या दारात पोतं असतं, आणि नवीन माणसं माझ्यावर रागावतात.

मावशी निवृत्त झाल्या. परवा पेढे घेऊन भेटायला गेले. त्या कालवडीला आता वासरू झालंय. मावशींनी पेढ्यांकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. बघितलं ते पायांकडे. बूट सोड्यानं ओले होते.

"धुऊन आलीस व्हय," त्या म्हणाल्या. "ये पोरी, आत ये."