खरडजवळच्या अंगणातली साक्ष

सकाळी गाडीची खिडकी उघडली, तर दोन्ही बाजूंना मोहरीची पिवळी शेतं दूरवर पसरलेली. नगर सोडल्याचा तिसरा दिवस. समोरचा फौजी ट्रंक बांधता बांधता म्हणाला, "लो जी, चंडीगढ आ गया." खाली उतरलो आणि थंडीने कानच धरले. बांगलादेशच्या लढाईनंतरचा तो तिसरा हिवाळा होता.

निरनिराळ्या प्रांतांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक आणि वडीलजन आठवडाभराच्या शिबिरासाठी जमणार होते. आपला विश्वास लोकांना नीट कसा सांगावा, हा विषय. शेवटच्या दिवशी मलाही तासभर बोलायचं होतं. भाषण मी नगरहूनच लिहून आणलं होतं. पण खरं सांगायचं तर, वीस वर्षं व्यासपीठावरून उपदेश करणारा मी. समोरासमोर बसलेल्या एखाद्या माणसाशी प्रभूविषयी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटे. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

रिक्षावाल्याला म्हटलं, "गिरजाघर चलो." तो म्हणाला, "नाम नहीं जी, सेक्टर बोलो." या शहरात पत्ता म्हणजे आकडा. मी चिठ्ठी शोधून आकडा सांगेपर्यंत तो बिडी पेटवून निवांत बसला. रस्ते आखल्यासारखे सरळ, कडेला हारीने लावलेली झाडं, विटांची बसकी घरं. नगरच्या बोळांत वाढलेल्या मला एवढी मोकळी जागा बघून आधी चुकल्यासारखं झालं, मग फार बरं वाटलं.

खोलीत माझ्याबरोबर पाद्री याकूब होते. साठी उलटलेली, आवाज खणखणीत, गुरदासपूरकडचे. माझा पातळ स्वेटर बघून त्यांनी आपलं कंबल माझ्या खांद्यावर टाकलं आणि जेवताना मक्याच्या रोटीवर लोण्याचा गोळा थापला. साग (मोहरीच्या पाल्याची घोटलेली भाजी) मी तीनदा मागून घेतला. संध्याकाळी सेक्टर सतराच्या फरसबंद चौकात फिरलो, शेंगदाणे खाल्ले. दिवस सुखाचे चालले होते.

चौथ्या दिवशी मात्र दोघादोघांना खेड्यांत पाठवलं. आम्ही बसने खरड नावाच्या गावी उतरून पुढे मैलभर चालत गेलो. करनैलसिंग नावाचे शेतकरी याकूबजींच्या जुन्या ओळखीचे. त्यांनी अंगणात मंजी (बाज) टाकली, गूळ आणि चहा दिला. त्यांच्या पत्नी चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या.

"हमारे नगरवाले पादरीजी कुछ सुनाएंगे," असं म्हणून याकूबजींनी मला पुढे केलं.

मी पाठ केलेलं बोलू लागलो. मधेच मोठ्या जोशात म्हणालो, "प्रभू ने हमारे पापों की शिक्षा भोगी!"

करनैलसिंग विचारात पडले. "शिक्षा? मतलब पढाई? पादरीजी, पापों की भी पढाई होती है?"

याकूबजी चहा सांडेपर्यंत हसले. "सजा कहो, भाई, सजा! शिक्षा तो स्कूल में मिलती है." मीही हसलो, पण पाठ केलेलं सगळं डोक्यातून उडालं.

करनैलसिंग मात्र गंभीर झाले. "ये बातें तो किताब की हैं. आपके साथ क्या हुआ, वो बताओ."

मी चहाचा पेला खाली ठेवला. मग मोडक्या हिंदीत, जिथे शब्द सापडला नाही तिथे मराठीत, बोलत गेलो. माझी करुणा सहा वर्षांची असताना घटसर्पाने गेली. त्यानंतर वर्षभर मी दर रविवारी प्रार्थना म्हणत होतो, पण माझा देवावर विश्वास उरला नव्हता. मंडळीतली सगुणाबाई नावाची एक निरक्षर बाई रोज दुपारी आमच्या घरी येई, माझ्या बायकोजवळ बसून धान्य निवडी आणि न बोलता निघून जाई. एकदा मी तिला चिडून विचारलं, "तू का येतेस?" ती म्हणाली, "पाळकबाबा, तुम्हाला आत्ता प्रार्थना करवत नाही, म्हणून तुमच्या वाटची मी इथं बसून करते." त्या दिवशी मी मुलीच्या मरणानंतर पहिल्यांदा रडलो आणि पहिल्यांदा खरी प्रार्थना केली.

चुलीपाशी बसलेल्या बाई वळल्या. त्यांनी ओढणीने डोळे पुसले. करनैलसिंग हळूच म्हणाले, "हमारा छोटा लडका लडाई में मारा गया. तब से ये किसी के सामने रोई नहीं."

निघताना त्या बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "उस बहन का नाम क्या बताया था?"

"सगुणाबाई."

त्यांनी ते नाव दोनदा उच्चारलं आणि आम्हाला वाटेसाठी गूळ बांधून दिला. त्यांचा धर्म बदलला नाही. ते विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. बसमध्ये याकूबजी एवढंच म्हणाले, "आज आपने बोला."

शेवटच्या दिवशी मी लिहिलेले कागद पिशवीतच ठेवले आणि जमलेल्या पाळकांना हीच हकिगत सांगितली, 'शिक्षे'च्या फजितीसकट.

नगरला परतल्यावर मंडळीच्या वडीलजनांनी विचारलं, "काय नवी पद्धत शिकून आलात?" वाटेतल्या दोन रात्री मी याच प्रश्नाचा विचार करत होतो. लोकांना आमचे शब्द कमी पडत नव्हते. शब्दांमागचा माणूसच आम्ही घरी ठेवून जात होतो. म्हणून मी काही शिकवलं नाही. प्रत्येकाला म्हटलं, "तुमच्या बाबतीत काय घडलं ते सांगा." मग तीस वर्षं उपासनेत शास्त्रपाठ वाचणारे आमच्या वडीलजनांतले सर्वांत वृद्ध भास्करराव यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि ते म्हणाले, "हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही."