राव सारांचा दुपारचा प्रश्न

राव सार कामाबद्दल सहसा विचारत नसत. दुपारी ते आमच्या रांगेतून हळूहळू फिरत आणि प्रत्येकाला एकच प्रश्न करत, "काय जेवलास?" चेन्नईजवळच्या सिरुसेरीतल्या सॉफ्टवेअर कंपनीत टीमच्या प्रमुखाने हे विचारावं, याचं नव्या माणसाला हसू येई. जो चटकन सांगे, त्याच्यापुढून ते निघून जात. ज्याला आठवावं लागे, त्याचं एखादं काम संध्याकाळपर्यंत दुसऱ्याकडे गेलेलं असे.

त्यांचं घराणं तंजावरचं. मराठी जुन्या वळणाची, हेल तमिळ. टीममध्ये मराठी आम्ही दोघंच, मी आणि सोलापूरची मंजिरी. आमच्याशी ते हौसेने मराठी बोलत. फक्त "पुरे, आता घरी जा" हे त्यांना मराठीत कधी सुचलं नाही. तेव्हा तमिळमध्ये "पोदुम!" एवढंच म्हणत आणि मागे उभे राहत, कॉम्प्युटर बंद होईपर्यंत.

त्या वर्षी मंजिरी दोघांचं काम ओढत होती. तिचा कामातला जोडीदार नोकरी सोडून गेला होता, जागा रिकामीच होती, आणि तिची बढती तोंडावर आली होती. तिच्या कीबोर्डभोवती बिस्किटांचा चुरा पडलेला असे. काम काढून घेतील या भीतीने तिने उत्तर तयार ठेवलं होतं.

"सांबार-भात, सार."

"भाजी कसली होती गे?"

"भेंडीची."

"आज कँटीनमध्ये पडवळ होतं. मी दोनदा घेतलं."

आम्ही हसलो. मंजिरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "सार, काम काढू नका. बढती जाईल माझी."

"यंदा जाईल. पुढे येईल. तूच सोलापूरला निघून गेलीस, तर देऊ कुणाला?"

मंजिरीचं काम ज्या तारखेला द्यायचं होतं, त्याच तारखेला दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी आणखी एक काम मागितलं. मीही त्या बैठकीत होतो. राव सार शांतपणे म्हणाले, "दोन्ही होणार नाहीत. आधी कुठलं हवं ते सांगा. नाहीतर माणूस द्या."

"राव, तुम्ही टीमला लाडावून ठेवलंय."

"लाडावलं असतं तर ती वेळेवर जेवली असती सार."

तारीख सरकली. मंजिरीचं अर्धं काम वाटलं गेलं. तिची बढती खरोखरच हुकली आणि ती बरेच दिवस राव सारांशी धड बोलली नाही. त्याच वर्षी राव सारांची बदली अंबत्तूरच्या कार्यालयात झाली. तिथे त्यांच्या हाताखाली कोणी नव्हतं. निवृत्तीपर्यंत ते तिथेच राहिले. मंजिरीला टीम मिळाली ती नंतर, सावकाश.

गेल्या महिन्यात राव सार गेले. कळवायला मी मंजिरीला फोन केला. त्याच संध्याकाळी तिचं एक मोठं काम ग्राहकाकडे जायचं होतं. ती म्हणाली, "तारीख पुढे घेते."

वेलचेरीच्या त्यांच्या घरी ती सगळ्या टीमला घेऊन आली. त्यातल्या बहुतेकांनी राव सारांना पाहिलेलंही नव्हतं. ते वरिष्ठही आले होते. त्यांचा फोन सारखा वाजत होता आणि प्रत्येक वेळी ते जिन्यात जात होते. मंजिरीची माणसं मात्र भिंतीशी बसून होती. सगळं आटोपेपर्यंत त्यांतल्या एकालाही फोनसाठी उठावं लागलं नाही.